वादळाच्या गावी राहिलेली लेक

कांदळवाडी, ता. श्रीवर्धन
दि. ९ जून २०२०

ती. ताईस,

दीपाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी एवढं वाच आणि मग बाकीचं: प्रेरणा सुखरूप आहे. तुझ्या लेकीच्या केसालाही धक्का लागलेला नाही. मी आणि हेही ठीक आहोत. फोन लागत नाही म्हणून तुझा जीव किती टांगणीला लागला असेल ते कळतंय मला, पण इथले टॉवर आडवे झालेत आणि विजेचे खांब काड्यांसारखे मोडलेत. मदतीचं सामान घेऊन आलेला एक टेम्पोवाला आज माणगावला परत चाललाय. हे पत्र त्याच्या हाती देते, पेटीत टाकीन म्हणालाय.

तीन तारखेला सकाळीच आम्ही खाडीकाठच्या वस्तीतली माणसं माझ्या शाळेत आणली. दुपारी वारा आला तो असा, की पत्रे वहीच्या पानांसारखे फडफडत गेले. आमच्या घराचं अर्धं छप्पर गेलं. शाळेच्या दोन खोल्या उघड्या पडल्या आणि तिसरीत आम्ही सगळे अंग चोरून बसलो. मग एकदम वारा पडला. चक्क ऊन आलं. संपलं म्हणून पुरुषमाणसं उठली, तर वस्तीतली चांगुणाबाय नावाची म्हातारी कोळीण दारात आडवी बसली. म्हणाली, अजून अर्धं बाकी आहे, आता उलट्या बाजूनं येईल. तसंच झालं. आणि दुसरं अर्धं पहिल्याहून वाईट होतं. प्रेरणा सगळा वेळ माझ्या कुशीत होती.

सुपारीच्या वाड्या आडव्या पडल्यात. आजोबांनी लावलेली झाडं नातू कुऱ्हाडीनं तोडून वाटेतून बाजूला करताहेत. बघवत नाही. बारावीची परीक्षा संपली म्हणून मी पोरीला आठ दिवस समुद्र दाखवायला आणलं, आणि लॉकडाऊननं आधी अडकवलं, आता हे. तू मला बोल लावशील, लाव. पण ती घाबरून बसलेली नाही. कालपासून घरोघर पाणी भरतेय.

सोबतच्या चिठ्ठीत तिनं स्वतः चार ओळी लिहिल्यात. मायला जयभीम सांग, अमरभाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
दीपा


राजूर, ता. वणी
दि. १९ जून २०२०

चि. दीपास,

बेबीताईचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र काल भेटलं. पोस्टमननं अंगणवाडीतच आणून देलं. मी कोरोनाच्या सर्व्हेले निघाली होती, तिथंच पायरीवर बसली. पहिली ओळ वाचली आणि मंग बाकीचं दिसेच ना. माय घरून ओरडून राह्यली होती, की बाई वाचून दाखव, वाचून दाखव. तिले सांगतलं, तुही नात जिवंत आहे, तवा कुठं ती जेवली.

इथं टीव्हीवर तुमचं श्रीवर्धन दाखवत. पडलेली झाडं, उडालेले पत्रे. मी त्या झाडांमध्ये माह्या पोरीचा हिरवा ड्रेस शोधून राह्यली होती. तुहे भाऊजी खाणीवरून आले की आधी टीव्हीसमोर उभे, अंगावरची कोळशाची भुकटीही झटकत नव्हते. एवढा मोठा डंपर चालवणारा माणूस, पण रोज दहा-दहा वेळा तुह्या नंबरवर फोन लावे.

आता रागावली म्हणशील तर हो, रागावली. ती तुह्या कुशीत होती असं तू लिहिलं. बरं केलं, नाहीतर मले कोण सांगणार होतं? पण ते वाक्य मी लय वेळा वाचलं आणि दर वेळी आतून काहीतरी टोचलं. तुले नोकरी भेटली, समुद्र भेटला, मोकळी हवा भेटली. मले कधी त्याचं काही वाटलं नाही असं मी लोकांले सांगते. इथं सकाळी धुतलेले कपडे संध्याकाळी काळे होतात आणि खाणीत ब्लास्टिंग झालं की भिंतीची भेग बोटभर वाढते. ते मी सोसते. पण माह्या पोरीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती आली, ती बी तुह्याच घरी आली. तिले धराले माहे हात पाह्यजे होते.

आणि तिच्या त्या चार ओळी! चारातल्या दोन त्या म्हातारीबद्दल. माय कशी आहे, बाप कसा आहे, हे एका ओळीत.

प्रवासाचा पास भेटू लागला की तिले लगेच पाठव. जवाईबापूंना जयभीम. छपराचं काम झालं का ते कळव. जीव तुह्यात बी आहेच.

तुही,
बेबीताई


कांदळवाडी
दि. ६ जुलै २०२०

ती. आईस,

प्रेरणाचा सप्रेम जयभीम.

आई, चार ओळी लिहिल्या म्हणून तू रागावलीस असं मावशी म्हणाली. तेव्हा टेम्पोवाला हॉर्न मारत होता गं. आज वेळ आहे. वीज अजून आली नाही, त्यामुळे दिवसाउजेडी ओट्यावर बसून लिहिते आहे.

तुला खरं सांगू का, मी इतकी घाबरले होते की मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता. मावशी सारखी म्हणत होती, मी आहे ना, मी आहे ना, आणि मी तिच्याच गळ्याला मिठी मारून आई, आई म्हणून ओरडत होते. नंतर मावशीनं ‘मी आहे ना’ म्हणणं सोडलं. नुसती थोपटत राहिली.

आता चांगुणाबायबद्दल लिहिते, हसू नको. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचं झोपडं अगदी खाडीच्या तोंडाशी. ती सांगते, पूर्वी वादळांना नावं नसत. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्या नावानं गावात ते वादळ ओळखलं जाई. तिच्या आजीच्या वेळचं एक भिकाचं वादळ होतं. अठ्ठेचाळीस सालचं तिला स्वतःला आठवतं. ती सहा वर्षांची होती, बापानं तिला पाठीशी बांधून टेकडीवर नेलं, आणि सकाळी खाली येऊन पाहिलं तर त्यांची होडी विहिरीच्या काठावर बसलेली. मग २००९ सालचं फयान. तेव्हा तिचा धाकटा मुलगा दत्तू समुद्रात होता. होडीची एक फळीसुद्धा परत आली नाही. जगासाठी ते फयान, पण इथं त्याला दत्तूचं वादळ म्हणतात, तेही हळू आवाजात. निसर्ग वादळाला इथं निसर्गच म्हणतात, कारण आपल्या गावातलं कोणी गेलं नाही.

मी आणि इथल्या तीन मुली एक काम करतो आहोत. म्हातारी माणसं आम्हाला दाखवतात, कुठल्या वादळात पाणी कुठवर आलं होतं. आम्ही तिथं भिंतीवर, विहिरीवर, बांधावर गेरूची रेघ ओढतो आणि साल लिहितो. आता नवीन माणसाला एका नजरेत कळतं, की आपलं घर पाण्याच्या आत आहे की बाहेर. आई, काही घरं चारही रेघांच्या आत आहेत. चांगुणाबायचं त्यातलंच.

रागावू नको पण मला इथंच कॉलेजला जायचं आहे. वारा, समुद्र, हे सगळं शिकायचं आहे. मावशीनं मला काही शिकवलेलं नाही, हे माझंच आहे. बाबांना सांगशील?

आजीला आणि बाबांना जयभीम. तुझी आठवण रोज येते.

तुझी,
प्रेरणा


राजूर
दि. १८ जुलै २०२०

चि. दीपास,

आशीर्वाद.

प्रेरणाचं पत्र वाचलं. पहिल्यांदा 'आपल्या गावातलं कोणी गेलं नाही' हे वाक्य. आपलं गाव कोणतं बाप्पा? तिचं गाव राजूर आहे. चार महिन्यांत तिचं गाव बदललं.

दुसरं, वादळात ती आई, आई करून ओरडत होती. तू मले कुशीचं लिहिलं, हाकेचं लिहिलं नाही. काहून?

माहं शिक्षण दहावीले सुटलं, कारण बाबा गेले आणि तू लहान होती. माय कापूस वेचाले जाये आणि मी तुले सांभाळे. तुले डी.एड. केलं. मी कधी त्याचा हिशेब मांडला नाही. पण आता तू माह्या पोरीले माह्याकडून काढून घेऊन राह्यली आणि वरून पोरगी लिहिते, हे तिचंच आहे. तुह्या पोटी लेकरू नाही त्याले मी काय करू? माही एकुलती एक आहे. वाटून देता येत नाही.

त्या म्हातारीले बी सांग, पोरीच्या डोक्यात मेलेल्या माणसांच्या गोष्टी भरू नको.

पास काढ आणि धाड. कॉलेज वणीले आहे, चांगलं आहे.

बेबीताई


कांदळवाडी
दि. २ ऑगस्ट २०२०

ती. ताईस,

सप्रेम जयभीम.

प्रवासाचा पास मिळाला. हे स्वतः गाडी घेऊन प्रेरणाला राजूरला सोडायला निघताहेत. पत्र त्यांच्याजवळच देते. तिचा निकाल तुला फोनवर कळलाच आहे. पेढे मी इथं वाटले, तिथं तू वाट.

तू विचारलंस, हाकेचं काहून लिहिलं नाही. उत्तर देते. ती माझ्या कुशीत होती हे खरं आणि तिच्या तोंडात तुझं नाव होतं हेही खरं. पहिलं लिहिताना माझा हात चालला, दुसऱ्याला चालला नाही. ताई, तुला वाटतं हेवा तूच करतेस. मी तुझा हेवा प्रेरणा जन्मली त्या दिवसापासून करते आहे. तुझ्या घरी येऊन तिला न्हाऊमाखू घालायचे, तिचे काजळाचे डोळे पाहायचे आणि परत निघताना बसमध्ये रडायचे. लेकरू झालं नाही हे मला माहीत आहे. ते तू पत्रात लिहायची गरज नव्हती.

तू मला वाढवलंस हे मी विसरले नाही, विसरणार नाही. पण थोडे दिवस मला फोन करू नको. मी उचलणार नाही.

प्रेरणाच्या पिशवीत मायसाठी कोकम आहे.

दीपा


राजूर
दि. १० जानेवारी २०२१

चि. दीपास,

अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाही म्हणून कागदच हाती घेतला.

पोरगी आली तो दिवस तुले सांगायचा राहून गेला. जवाईबापू दारातूनच पाणी पिऊन गेले, आणि ग्रामपंचायतवाल्यांनी पोरीच्या हातावर शिक्का मारला. चौदा दिवस मागच्या खोलीत. एवढी भांडून आणली आणि तिचं ताट मी उंबऱ्यावर ठेवून मागं सरत होती. तिचा चेहरा पाहून मले समजलं, की ती माह्या घरात आहे आणि घरात नाही.

वणीच्या कॉलेजात नाव घातलं. वर्ग फोनवरच भरतात. अभ्यास करते, कामाले हात लावते, आजीचे पाय दाबून देते. तक्रार करावी असं काही नाही. पण सकाळी उठली की आधी फोनवर तुमच्याकडचा वारा पाह्यते, मंग चहा. आपल्याकडे थंडी किती पडली हे तिले मी सांगावं लागते. रविवारी त्या चांगुणाबायच्या नातसुनेच्या फोनवर तासभर बोलते. हसते! माह्यासंगं बोलताना एवढं हसत नाही. मी भाकरी थापता थापता कान देऊन ऐकते आणि भाकरी करपते. मले म्हातारीचा हेवा, तुहा हेवा, आणि आता त्या खाऱ्या पाण्याचा बी हेवा. माय म्हणते, बेबे, तू पोरगी परत आणली पण तिचं मन त्या खाडीकाठीच राह्यलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं ते लिहायचं नव्हतं. लिहिलं तवा बरं वाटलं, पेटीत टाकलं आणि तिथंच उभी राह्यली. पेटीतून काढता आलं असतं तर काढलं असतं.

फोन उचल. माह्यासाठी नको, मायसाठी उचल.

तुही,
बेबीताई


राजूर
दि. १९ मे २०२१

चि. दीपास,

अनेक आशीर्वाद. तू कशी आहे? ताप उतरला का? तू अजून फोन उचलत नाही, तर पोरीकडूनच कळलं. कोरोनानं तुले खोलीत निजवलं आणि त्यातच हे दुसरं वादळ यावं! तौक्ते म्हणे. प्रेरणा सांगते नाव म्यानमारवाल्यांनी देलं, त्याचा अर्थ पाल. माय म्हणाली, भिंतीवरची पाल एवढं करत असन तर मंग मगर काय करन.

परवापासून तुमच्या गावचा एकबी फोन लागत नाही. पुन्हा मागच्या सालासारखं. म्हणून लिहून राह्यली, जवा भेटन तवा भेटन.

तू आजारी, जवाईबापू तुह्या दवापाण्यात. म्हणून वादळ यायच्या आधी पोरीनं इथून काम हाती घेतलं. रेघेच्या आतली सगळी घरं तिले पाठ. एकेकाले फोन लावे. काका, तुमचं घर अठ्ठेचाळीसच्या रेघेत आहे, निघा. काकू, म्हैस सोडून द्या पण निघा. ऊन असं होतं की पत्र्याखाली बसवत नव्हतं, तर ती निंबाखाली खाटेवर बसली. मधात ब्लास्टिंगचा भोंगा झाला, हातानं कान झाकून बोलतच राह्यली. मी पाह्यत होती. माही पोरगी, जिले मी बाजारातून कोथिंबीर आणाले धाडली तर पालक आणते, तिचं ऐकून तिकडे माणसं घरं सोडून निघून राह्यली होती.

एकच ऐकेना. तुही चांगुणाबाय. सगळे शाळेत गेले, ती झोपड्यात. नातसुनेनं विनवलं, पोरीनं विनवलं. शेवटी पोरगी फोन मांडीवर टाकून रडाले लागली.

मंग मी फोन घेतला. कायले घेतला मले अजून समजलं नाही. मी म्हटलं, बाई, मी प्रेरणाची माय. मले तुमचा लय हेवा वाटते. माही पोरगी माह्या ताटावरून उठते आणि तुमच्याशी बोलते. आज ती तुमच्यापायी कालपासून जेवली नाही. मी समजावलं तर ती गप्प बसत नाही. ते तुमच्याच हातात आहे, तर उठा. ती म्हणाली, दत्तू आला आणि घराला दार बंद दिसलं तर? अंगणवाडीतल्या शंभर बायांले मी समजावलं असन, पण याले काय म्हणावं? मंग मी विचारलं, तो शिकला कोणत्या शाळेत? म्हणाली, इथल्याच. मी म्हटलं, मंग त्याले शाळेची वाट पाठ असन. तिथं जाऊन बसा. तो लहानपणी तिथं जाये आणि तुम्ही घरी वाट पाहात, आता तुम्ही तिथं बसा.

तिकडून वारा घोंगावत होता. मंग ती बरं म्हणाली आणि फोन कटला.

बरं म्हणजे काय, दीपे? ती उठली का? पोरगी मले पाण्याचा पेला आणून देते आणि माह्या तोंडाकडे पाह्यते, जसं काही मले माहीत आहे. लवकर कळव. स्वतःची काळजी घे, काढा सोडू नको.

तुही,
बेबीताई


कांदळवाडी
दि. २४ मे २०२१

ती. ताईस,

दीपाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

ती उठली. आधी हेच लिहायला हवं.

मी तापानं खोलीत पडून होते. खिडकीतून शाळेचा रस्ता दिसतो. पावसात दोन जणांनी तिला खुर्चीत बसवून उचलून आणताना मी पाहिलं. शाळेत आली पण आत जाईना. व्हरांड्यातच, भिंतीला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे करून बसली. कोणी येऊन आत चल म्हटलं की सांगायची, मला इथंच बसायला सांगितलंय. कोणी सांगितलं, ते तेव्हा कोणाला कळेना.

लाटा या वेळी मागच्यापेक्षा उंच होत्या. खाडीच्या तोंडच्या पाच झोपड्या गेल्या. चांगुणाबायच्या जागेवर आता चुलीचे तीन दगड आहेत, तेही वाळूत अर्धे. माणूस एकही गेलं नाही. ताई, एकही नाही. या वादळालाही गावात सरकारी नावानंच हाक मारतील.

म्हातारी आता आमच्याकडे, बाहेरच्या ओट्यावर आहे; मी अजून खोलीतच, खिडकीतून बोलते. परवा मला विचारत होती, ती फोनवरची बाई खरंच प्रेरणाची आई का? आवाज तुझ्यासारखा आहे पण तुझ्याहून मोठा, आणि भाषा भांडणाची. मी म्हटलं, माझी ताई. भांडत नव्हती, आमच्याकडे बोलणंच तसं असतं. तर म्हणाली, तिला माझा हेवा वाटतो म्हणे. या वयात माझा हेवा करणारी कोणी भेटेल असं वाटलं नव्हतं. आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ हसली. दत्तू गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

टॉवर सुरू झाला की मी आधी तुलाच फोन करीन. मायला करीन असं लिहिणार होते, पण खोटं कशाला. प्रेरणाला इकडे पाठव असं मी म्हणणार नाही. तिला फक्त सांग, तिच्या रेघा बरोबर निघाल्या.

तुझ्या मायेवर अजून माझा हक्क आहे ना? असू दे.

तुझी,
दीपा


राजूर
दि. ४ जुलै २०२१

चि. दीपास,

बेबीताईचे भरभरून आशीर्वाद.

फोनवर आपण रोज बोलून राह्यलो, तरी हे कागदावर असावं म्हणून लिहिते. फोनवर मी एक बोलते आणि ठेवल्यावर दुसरं वाटते.

तुह्या भाऊजींनी आणि मी ठरवलं. दुसऱ्या वर्षाले प्रेरणाचं नाव तिकडच्या कॉलेजात घाला. कागदपत्रं वणीहून काढली. पोरीले सांगतलं तवा ती मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. मी बाहेरून विचारलं, नको का मंग? तर आतून म्हणाली, आई, थांब ना, रडू दे जरा.

हेवा गेला असं समजू नको. तो कुठं जाते? कालच तिनं बॅगेत कपडे भरताना तुह्या घरातलं तिचं कपाट कोणतं, खिळा कोणता, हे सांगतलं आणि मी भरलेले कपडे काढून पुन्हा घड्या घालत बसली. तर मी सांगते तसं कर. तिची परीक्षा झाली, निकाल लागला, तर पेढ्याआधी मले फोन. आजारी पडली तर लपवायचं नाही. आणि तिनं तुले चुकून आई म्हटलं तर मले सांगू नको. तेवढं तुह्याजवळच ठेव. मागच्या साली तू एक हाक माह्यापासून लपवली, आता एक तुही तू ठेव.

मी बी संगं येऊन राह्यली. लग्नाले वीस वर्षं झाली तुह्या, मी आली नाही. दरसाली कारण काढलं, कधी मायचे गुडघे, कधी अंगणवाडी. माय आता म्हणते, माहे गुडघे तुह्या बहिणीच्या गावाआड येऊ नये, तू जाय. तुहे भाऊजी तिचं पाहतीन.

चांगुणाबाय तुह्याकडेच आहे तर मले झोपाले जागा कुठं, ते विचार करून ठेव. नसन तर मी तिच्याच बाजूले सतरंजी टाकते. आठ दिवसांनी मी परत येईन आणि मंग राजूरच्या घरात रोज संध्याकाळी ताट एक कमी वाढा लागन. मले हे जमणार नाही, दीपे, आताच सांगते. दाराकडे कसं पाह्यचं आणि तरी भाकरी कशी थापायची, हे मले माहीत नाही. चांगुणाबाय बारा वर्षांपासून हेच करून राह्यली. तिच्याजवळ बसून विचारीन, सांगन ती.

बस मंगळवारी निघते. जवाईबापूंना जयभीम, आणि सगळ्यांत आधी तुले.

तुही,
बेबीताई